डबे कुठल्या पायाशी होते

अण्णा, तुमच्या निधनाची बातमी मीच लिहिली. नऊ ओळी. नाव, वय, गाव, नोकरी, मागे कोण कोण. छापायला देण्याआधी वहिनींना फोन करून नातवंडं किती ते दोनदा विचारून घेतलं. त्या बातमीत चूक नाही.

हे लिहितो आहे ते दुसऱ्या एका मजकुरासाठी. तो अठरा वर्षांपूर्वीचा. त्यात एक चूक आहे. ती मी केली आणि ती तुमच्या नावावर राहिली.

तिसऱ्या दिवशी तुमच्या गावी जैन बस्तीशेजारच्या हॉलमध्ये माणसं जमली. तुमच्या हाताखाली शिकलेली टॉवरवरची पोरं होती, आता त्यांचे केस पिकलेत. एक तरुण अभियंता बोलायला उठला. मनापासून बोलला. म्हणाला, "अण्णांनी आम्हांला टॉवर शिकवला. सगळ्या नोकरीत त्यांच्या हातून एकच चूक झाली, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. प्रत्येक वर्गात स्वतः उभे राहून सांगायचे, डबे मी हलवले. एवढा मोठेपणा कुणाकडे असतो?"

लोकांनी माना हलवल्या. वहिनी खाली बघत होत्या. मी शेवटच्या ओळीत होतो. उठून सांगायला हवं होतं. उठलो नाही.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. वाचणाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून क्रमाने सांगतो. मध्ये कुठे चुकलो तर तुम्ही टोकायला नाही, हे लक्षात ठेवून सांगतो.

कडेगावच्या माळावरून जाणारी ती लाइन दुहेरी आहे. एकाच टॉवरच्या एका अंगाला एक सर्किट, दुसऱ्या अंगाला दुसरं. दुरुस्तीसाठी एक बंद करतात. दुसरं चालूच असतं, कारण पाण्याच्या योजना आणि गावं त्यावर चालतात. टॉवरला चार पाय. त्यातल्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पायांना चढायचे बोल्ट. एक पाय बंद तारांकडे नेतो, दुसरा चालू तारांकडे. खालून बघितलं तर दोन्ही सारखे. सकाळी चढताना कुणी चुकत नाही, तेव्हा सगळे जागे असतात. चूक होते ती जेवून पुन्हा चढताना.

यासाठी तुमची एक रीत होती. सकाळी सर्किट बंद केल्याचं परमिट हातात आलं, की गँगमधल्या सातही जणांचे डबे तुम्ही स्वतः गोळा करायचात आणि सुरक्षित पायाशी ओळीने मांडायचात. तुमचा डबा कांदा-लसणाशिवायचा, म्हणून तो कडेला, थोडा सुटा. सगळे उतरणार तिथे, जेवणार तिथे आणि चढणार तिथूनच. डब्यांना तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

हे तुमच्याकडून ऐकून मी विचारलं होतं, "झेंडी लावून भागणार नाही का?"

तुम्ही म्हणालात, "झेंडी कोन बघतंय, बातमीदार? भुकेला मानूस डबा बघतो."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. वेळही लिहिली: आठ वाजून चाळीस मिनिटं. रविवारच्या पुरवणीसाठी टॉवरवरच्या माणसांवर लेख करायचा होता. सांगलीहून पहाटे निघून आलो होतो. तुमच्या कार्यालयाची परवानगी होती, अट एकच: कशालाही हात लावायचा नाही.

त्या सकाळी तुम्ही मला बरंच शिकवलं. तारा ज्यांना टांगतात त्या चिनी मातीच्या चकत्यांतली फुटलेली कशी ओळखायची. बंद केलेल्या तारेतही शेजारच्या चालू तारेमुळे वीज कशी उतरते, आणि म्हणून तार जमिनीला जोडल्याशिवाय तिला बोटही का लावायचं नाही. वर माणूस असताना खालून नावाने ओरडायचं नाही, तो दचकतो. त्याऐवजी पान्याने टॉवरच्या पायावर तीन ठोके द्यायचे. लोखंडातून आवाज वर जातो. तीन ठोके म्हणजे जिथे आहेस तिथेच थांब.

साडेबाराच्या सुमाराला मला फोटो काढायचा होता. डब्यांची ओळ आणि मागे आभाळात गेलेला टॉवर. पण सुरक्षित पायामागे बाभळीचं झुडूप होतं, त्यात टॉवर झाकला जात होता. दुसऱ्या पायाशी जागा मोकळी होती, वर धोक्याची पाटीही नीट दिसत होती. गँग वर होती. तुम्ही दूर बांधावर एका शेतकऱ्याशी बोलत होतात. तुमच्या ट्रॅक्टरने त्याचा हरभरा तुडवला होता आणि तो तुम्हाला सोडत नव्हता. मी सातही डबे उचलून त्या दुसऱ्या पायाशी नेले, ओळीने मांडले, चार फोटो काढले. परत ठेवायचे, हे डोक्यात होतं. तेवढ्यात माणसं उतरली.

डबे हललेले त्यांनी पाहिले. कुणी काही विचारलं नाही. डबे फक्त अण्णा हलवतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणजे अण्णांनीच हलवले असणार, म्हणजे ते बरोबरच असणार. तुमच्यावरचा त्यांचा इतका विश्वास माझ्या हातात पडला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी त्यांच्याबरोबर बसून भाकरी खाल्ली.

जेवण झाल्यावर संपत पहिला उठला. साताऱ्याकडचा, फौजी घरातला, गँगमधला सगळ्यांत चपळ गडी. डब्यांवरून पलीकडे गेला आणि त्याच पायाने चढायला लागला.

तुम्ही बांधावरून येत होतात. मी तुमच्याकडे बघून हात हलवला, फोटो छान आलेत असं सांगायला. तुमची नजर माझ्यावर नव्हती. डब्यांवर गेली, तिथून वर गेली. तुम्ही धावला नाहीत. पाच-सहा मोठी पावलं टाकलीत, कमरेचा पाना काढलात आणि पायावर तीन ठोके दिलेत.

संपत थांबला. चालू तारा टांगलेल्या आडव्या लोखंडी हातापासून तो जेमतेम पुरुषभर खाली होता.

तुमचा आवाज मी अजून विसरलो नाही, कारण त्यात काहीच नव्हतं. अंगणातून हाक मारावी तसं म्हणालात, "संपत, खाली ये रं. ताक ऱ्हायलंय तुजं."

तो उतरला. जमिनीवर पाय टेकल्यावर त्याने डबे पाहिले, मग पलीकडचा पाय पाहिला. नंतर कुणीतरी म्हणालं, वर गेल्यावर जमिनीला जोडणारे दांडे दिसले नसते, त्याला आपोआप कळलं असतं. तुम्ही म्हणालात, "कळलं असतं. पन कवा?"

ताक खरंच राहिलं होतं. तुमच्या डब्यातलं. ते तुम्ही त्याला पाजलंत. मग म्हणालात, "चल, चढ."

"आज नगं, अण्णा. हात बगा की माजं."

"हात बगिटलं. आज न्हाई चढलास तर उद्याबी न्हाई चढनार. भ्या एकदा बसलं का मुक्कामालाच ऱ्हातंय. चल गड्या, मी येतो मागनं."

सातही डबे तुम्ही जागेवर नेऊन ठेवलेत. मग योग्य पायाने तो चढला आणि त्याच्या मागून तुम्ही. दोघं वर बसून काहीतरी बोललात. काय, ते मी विचारलं नाही. उतरल्यावर तुम्ही माझ्याकडे आलात. मी वही बंद करून उभा होतो. फोटोसाठी डबे मीच नेले, हे सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलं.

"लेख कवा लिवनार?"

"आता काय लिहू, अण्णा?"

"आजच बसा लिवायला. घरी जावा, हात-पाय धुवा आन् बसा."

मी त्याच संध्याकाळी बसलो. लेख चांगला झाला. रविवारी छापून आला, सोबत फोटो. फोटोखालची ओळ माझीच: "टॉवरच्या सुरक्षित पायाशी ओळीने मांडलेले डबे." ही ओळ खोटी आहे हे लिहिताना मला माहीत होतं. दुपारची घटना लेखात नव्हती. संपादकांना मी ती सांगितली नाही.

महिन्याने अंक द्यायला आलो तेव्हा कळलं, तुम्हाला टॉवरवरून खाली घेतलंय. घटनेची लेखी माहिती तुम्ही स्वतःच दिली होती. त्यात तुमचं वाक्य होतं: डबे मी हलवले. तुम्हाला यापुढे चढायची मनाई झाली आणि लाइनखालून चालत तपासणी करायचं काम मिळालं.

आपलं पहिलं भांडण त्या दिवशी झालं. मी म्हणालो, "मी खुलासा छापतो. तुमच्या साहेबांनाही लिहून देतो."

"काय लिवनार?"

"जे झालं ते. डबे कुणी हलवले ते."

"डबं कुनी हलवलं, हे इचारायचंच न्हाई. डबं हलत हुतं तवा मी कुटं हुतो, हे इचारायचं. परमिट माज्या नावावर. गँग माजी. आन् तुमाला नियम मी कुटं सांगितला हुता?"

"सांगितला होता. आठ चाळीसला. माझ्या वहीत आहे."

तुम्ही हसलात. "मग ऱ्हाऊ द्या वहीतच."

हे भांडण अठरा वर्षं चाललं. मी म्हणायचो, दोष ज्याचा त्याच्याच नावावर पडला पाहिजे, नाहीतर नोंदीला काही किंमत नाही. तुम्ही म्हणायचात, टॉवरखाली उभा राहतो त्याने सगळ्याचा दोष घ्यायचा असतो, नाहीतर वर चढणाऱ्याने कुणाच्या भरवशावर चढावं? मला तुमचं पटायचं आणि माझंही पटायचं. तुमचं पटण्यात माझी सोय होती, हेही इथे नोंदवायला हवं. तुम्ही नको म्हणत होतात आणि मी दर वेळी ऐकत होतो.

चालत तपासणी करण्याच्या तुमच्या फेऱ्यांना मी अधूनमधून येत राहिलो. कराडजवळ मलकापूरला बदलून आल्यावर ते सोपं झालं. खांद्याला दुर्बीण, हातात काठी, खिशात वही. एका टॉवरकडून दुसऱ्याकडे, उसातून, ओढ्यातून. तुम्ही चकत्या मोजायचात, कावळ्याने घरट्यात तारेचे तुकडे आणलेत का ते बघायचात, पायाजवळची माती वाहून गेली का ते काठीने टोचून बघायचात.

एकदा एका गोठ्यापाशी थांबलात. आढ्याला लोखंडी पट्टी होती, जस्त चढवलेली, भोकं पाडलेली. टॉवरचीच. मालक बाहेर आला. मी समजलो, आता वाद होणार.

तुम्ही म्हैस न्याहाळलीत. "झ्याक हाय रं म्हस. दोनशेवीस केव्हीच्या टॉवरखाली बांदलीस व्हय? दूध काढताना झटका बसत न्हाई न्हवं?"

मालक ओशाळला. "आवं अण्णा, पडली हुती माळावर."

"पडली न्हवती, बोल्ट काडलंस. उद्या वाऱ्यानं टॉवर पडला तर पयला तुज्या म्हशीवर पडंल. हिकडंच हाय त्येचं त्वांड."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पट्टी सायकलवर घालून आणून दिली. कागदावर तुम्ही लिहिलंत, "पट्टी सैल होती, बसवली." मी म्हणालो, ही नोंद खोटी आहे. तुम्ही म्हणालात, "बसली का न्हाई?"

दुसऱ्या एका शेतकऱ्याने उतरत्या उन्हात लाइनखाली उसाचं पाचट पेटवायला घेतलं. धुराने लाइन बंद पडते, म्हणून तुम्ही पळत गेलात. तो म्हणाला, "तार तुमची, पाचट आमचं." तुम्ही धापा टाकत म्हणालात, "आन् आग कुनाची रं? ती न्हाई इचारत सातबारा." मग काडेपेटी त्याच्या हातातून घेतलीत, आणि तासभर त्याच्याबरोबर बसून पाचट सरीत दाबायचे फायदे सांगितलेत. दिवस मावळायच्या आत जेवायचा तुमचा नेम. त्या दिवशी तो चुकला, तर रात्रभर उपाशी राहिलात. हे मला वहिनींनी नंतर सांगितलं.

तुम्ही हे काम आनंदाने करत होतात, असं मी स्वतःला सांगत आलो. दिसतही तसंच होतं. फक्त एकदा, कडेगावच्या त्या टॉवरपाशी आपण पाणी प्यायला थांबलो. बाभळीचं झुडूप आता चांगलं झाड झालं होतं. बाटली परत देताना बघितलं, तर तुमचा तळहात टॉवरच्या पायावर होता. योग्य पायावर. तुम्ही वर बघत होतात, चकत्या मोजताना बघता तसं नाही. बराच वेळ. मग हात झटकून म्हणालात, "तापलंय लय," आणि चालायला लागलात.

वर जावंसं वाटतं का, हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतरही नाही. माझ्या धंद्यात प्रश्न विचारण्याचा पगार मिळतो आणि हा एक प्रश्न मी कायम टाळला. उत्तर काय येईल ते मला माहीत होतं.

परवाच्या सभेनंतर मी तुमच्या घरी गेलो. वहिनींनी भिंतीवरची एक चौकट काढून हातात दिली. अंकातला तो फोटो. सात डबे, धोक्याची पाटी, वर टॉवर. कागद पिवळा पडलाय. खालची ओळ नव्हती. कात्रीने सरळ कापून टाकलेली.

वहिनी म्हणाल्या, "त्यांनीच कातरली. म्हनले, फोटू झ्याक हाय, खालचं नगं."

अठरा वर्षं मी त्या घरात चहा घेत होतो आणि भिंतीकडे नीट पाहिलं नव्हतं. तुम्ही मला एकदाही दाखवलं नाहीत. ओळ खोटी होती, तुमच्या भिंतीवर खोटं नको होतं, एवढंच. मला बोल लावायचा असता तर फोटोच ठेवला नसता.

बाहेर आलो तर अंगणात संपत उभा होता. आता तोच गँगचा प्रमुख आहे. मी ठरवलं, पहिल्यांदा त्याला सांगायचं. सगळ्यांत जास्त देणं त्याचं होतं. म्हणालो, "संपतराव, त्या दिवशी डबे..."

"तुमी हलवल्यालं. ठावं हाय."

कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

"त्याच दिवशी, वर बसलो तवा अण्णांनीच सांगितलं. म्हनले, त्या पोरानं फोटूसाटी हलवलं असनार, दुसरं कोन हात लावत न्हाई. त्येला कळू दिऊ नगंस, तुला ठावं हाय म्हनून. भ्यालं तर फुडं कुटं जाऊन लिवायचं न्हाई. आपलं काय, आपन जिमिनीवरबी जगतो."

म्हणजे मी कबूल करायच्या आधीच तुम्ही ओळखलं होतं. संपतला तुम्ही पुन्हा टॉवरवर चढवलंत आणि मला त्याच दिवशी लिहायला बसवलंत. त्यानंतर मी बोगद्यात गेलो, पुरात बुडालेल्या गावांत गेलो, कारखान्याच्या धुराड्यावर गेलो आणि लिहीत राहिलो. दोघांची भीती तुम्ही त्याच दिवशी काढलीत. त्या दिवसानंतर परत चढू दिलं नाही ते एकट्या तुम्हाला.

संपत म्हणाला, "हॉलमधी तुमी उठनार हुतासा न्हवं? मी बघत हुतो."

"उठणार होतो. झालं नाही."

"व्हय. पयल्या बोल्टालाच हात कापतोय. मला इचारा की."

अण्णा, आता तुम्ही नको म्हणू शकत नाही, म्हणून खाली छापतो आहे.

खुलासा: अठरा वर्षांपूर्वी रविवारच्या पुरवणीत कडेगावजवळच्या टॉवरचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्याखाली "टॉवरच्या सुरक्षित पायाशी ओळीने मांडलेले डबे" असे छापले होते. ते चूक आहे. तो पाय चालू तारांकडचा होता. डबे सकाळी योग्य पायाशी मांडलेले होते. छायाचित्रासाठी ते तेथून प्रस्तुत लेखकाने हलवले. डब्यांना हात लावायचा नाही, हा नियम लेखकाला त्याच सकाळी सांगण्यात आला होता. त्यामुळे एका कामगाराचा जीव जाण्याची वेळ आली. तो गँगच्या प्रमुखांनी वाचवला आणि दोषही त्यांनीच स्वतःकडे घेतला. त्यांच्या हातून या प्रकरणात कोणतीही चूक झालेली नव्हती.

शेवटच्या वाक्यावर तुमची हरकत असणार. परमिट माझ्या नावावर होतं, म्हणाल. ते भांडण तेवढं शिल्लक ठेवू.

सोमवारी कराडला नव्या मुलांचा वर्ग आहे. दर वर्षी पहिल्या तासाला तुम्ही उभे राहायचात. या वर्षी तो तास संपतने मला दिला आहे. काय बोलायचं, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, अण्णा बोलायचे तेच बोला, फार वाढवू नका.

मी मजकूर लिहून पाहिला. तुमचं वाक्य जसंच्या तसं चालतं: डबे मी हलवले. एक शब्दही बदलावा लागत नाही.